ऑर्गनच्या भात्यावर उडालेलं विमान: फ्लाइट सिम्युलेटरच्या जन्माची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन लोकलच्या गर्दीत कुठेतरी गेले, त्यांच्यासाठी ही आजच्या एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आजची गोष्ट एका लाकडी डब्याची आहे. निळा रंग, आखूड पिवळे पंख, जत्रेत लहान मुलांना बसवतात तसं दिसणारं खेळण्यातलं विमान. काही वर्षं ते खरोखरच जत्रेत होतं. लोक पैसे टाकून त्यात बसायचे आणि हसत बाहेर यायचे. आणि त्याच काळात खरे वैमानिक ढगांत आणि धुक्यात शिरून मरत होते. त्यांना वाचवू शकेल अशी वस्तू करमणुकीच्या बागेत उभी होती, पण तिच्याकडे तसं कुणी बघतच नव्हतं. ती तिथून विमानतळापर्यंत कशी पोचली, हे आज बघू.

फुगडी आणि विमान

आधी एक साधी गोष्ट. तुम्ही फुगडी खेळला असाल, किंवा निदान लहानपणी अंगणात गरगर फिरला असाल. थांबल्यावर काय होतं? पाय जमिनीवर, आपण स्थिर, पण सगळं अंगण फिरतंय असं वाटतं. यात तुमच्या कानाचा हात आहे.

आपल्या कानाच्या आत तीन छोट्या अर्धगोल नळ्या असतात. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नळी वळते, पण द्रव थोडा मागे राहतो. हा फरक जाणवला की मेंदूला कळतं, आपण वळतोय. आता एकाच वेगानं वळत राहिलात तर काही सेकंदांत तो द्रवही नळीच्या वेगाला येऊन मिळतो. फरक संपला, म्हणजे जाणीवही संपली. मेंदू म्हणतो, आपण सरळ चाललोय. आणि मग खरोखर थांबलात की द्रव पुढे वाहत राहतो आणि मेंदू म्हणतो, आपण उलट्या बाजूला फिरतोय.

अंगणात याचं काही बिघडत नाही. डोळे उघडे असतात, समोर तुळशीवृंदावन असतं, दोन क्षणांत जग जागेवर येतं. पण ढगात शिरलेल्या वैमानिकाचा विचार करा. काचेबाहेर सगळीकडे पांढरं. जमीन नाही, क्षितिज नाही. विमान हळूच एका बाजूला कलतं, वळू लागतं, आणि त्याला पत्ताच लागत नाही. वळणाऱ्या विमानात आपलं वजन सीटमध्ये सरळ खालीच दाबलं जातं, त्यामुळे बसणाऱ्यालाही आपण कललोय असं वाटत नाही. मग काटा दाखवतो की उंची कमी होतेय. तो नाक वर ओढतो. पण विमान कललेलं असल्यामुळे ओढल्यानं वळण आणखी घट्ट होतं, उंची आणखी वेगानं जाते. वैमानिक याला ‘ग्रेव्हयार्ड स्पायरल’ म्हणतात. स्मशानात उतरणारा गोल जिना म्हणा हवं तर.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की योग्य दुरुस्ती केली तरी ती चूक वाटते. विमान सरळ केलं की कान ओरडतो, अरे, तू उलटीकडे वळतोयस! आणि माणूस पुन्हा जुन्या वळणात जातो. हात चांगला असो, अनुभव दांडगा असो, शरीर असंच वागतं.

खुर्चीवरचा वैमानिक

हे पहिल्यांदा नीट पकडलं अमेरिकन सैन्यातल्या दोघांनी. साल १९२६, सॅन फ्रान्सिस्कोचं क्रिसी फील्ड. विल्यम ऑकर हा जुना, मुरलेला वैमानिक. डेव्हिड मायर्स हा सैन्यातला डॉक्टर. मायर्सनं ऑकरला गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवलं, डोळे झाकले, खुर्ची फिरवली आणि विचारलं, कुठल्या बाजूला फिरतोयस? ऑकरची उत्तरं चुकली. खुर्ची थांबली तरी त्याला वाटत होतं की आपण उलटे फिरतोय.

दुसरा कुणी असता तर रागावून निघून गेला असता. ऑकरनं एक पेटी बनवली. आत वळण दाखवणारं यंत्र आणि उजेडासाठी टॉर्च. पेटीत डोकं खुपसून तो परत त्याच खुर्चीत बसला. आता उत्तरं बरोबर येऊ लागली, कारण तो कानाचं ऐकत नव्हता, काटा वाचत होता.

इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग म्हणतात त्याचं मूळ इथे आहे. बाहेर न बघता, फक्त समोरच्या यंत्रांवर विमान उडवायचं. पण त्या काळातल्या वैमानिकांना हे पचणं सोपं नव्हतं. चांगला वैमानिक ‘बुडाखालच्या सीटवरून’ विमान ओळखतो, अशी त्यांची श्रद्धा. काटे बघून उडवणारा म्हणजे कच्चा, असं मानलं जायचं.

मग आला २४ सप्टेंबर १९२९. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरचं मिचेल फील्ड. जिमी डूलिटल नावाच्या वैमानिकाच्या कॉकपिटवर कापडी झाकण घातलं. त्याला बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. सोबत सुरक्षेसाठी बेन केल्सी हा दुसरा वैमानिक होता, पण उडवलं डूलिटलनंच. टेक-ऑफ, चक्कर आणि लँडिंग, सगळं मिळून साधारण पंधरा मिनिटं. त्याच्यासमोर स्पेरी कंपनीचं कृत्रिम क्षितिज होतं, म्हणजे विमान किती कललंय हे एका छोट्या डायलवर दाखवणारं यंत्र. दिशा दाखवणारा जायरो होता, कोल्समनचा अचूक उंचीमापक होता आणि जमिनीवरून येणारा रेडिओचा संकेत होता.

म्हणजे बघा, १९२९ संपेपर्यंत यंत्रं तयार होती. पूर्ण आंधळं उड्डाण शक्य आहे हे सिद्ध झालं होतं. मग अडलं कुठे? अडलं शिकवण्यात. डूलिटल एक होता. बाकी शेकडो वैमानिकांना हे शिकवायचं कसं? खऱ्या ढगात नेऊन? तिथे पहिली चूक शेवटची ठरू शकते.

ऑर्गनवाल्याचा मुलगा

आता गोष्ट बिंगहॅम्टनला जाते. न्यूयॉर्क राज्यातलं एक गाव. तिथे लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. मूकपटांच्या काळात थिएटरमध्ये पडद्याशेजारी ऑर्गन वाजायचा, तसे ऑर्गन ते बनवत. घरातला मुलगा एडविन, सगळे त्याला एड म्हणत. जन्म १९०४चा.

एडला विमानाचं वेड लागलं. १९२०मध्ये त्यानं पहिला धडा घेतला. तासाचे पन्नास डॉलर मोजले, त्या काळात ही मोठी रक्कम. आणि शिकवणाऱ्यानं त्याला दांड्याला हातसुद्धा लावू दिला नाही, नुसत्या गिरक्या मारून खाली आणलं. एडच्या डोक्यात बसलं, की शिकण्याची ही पद्धत भयंकर महाग आहे आणि भयंकर वायाही जाते.

तोवर बोलपट आले आणि थिएटर ऑर्गनचा धंदा बसू लागला. एड कारखान्याच्या तळघरात जाऊन वेगळंच काही बनवू लागला. सामान मात्र तेच, ऑर्गनचं.

इथे आपल्याकडची पेटी डोळ्यांसमोर आणा. हार्मोनियमचा भाता दाबला की हवा आत जाते आणि सूर निघतो. एडनं विचार केला, भात्यात हवा भरली की तो फुगतो, काढली की बसतो. मग सूर काढण्याऐवजी त्यानं एखादा डबा वरखाली केला तर? त्यानं लाकडी विमानाचा सांगाडा बनवला आणि तो भात्यांवर ठेवला. आत बसलेल्यानं दांडा डावीकडे नेला की झडपा उघडत, एका बाजूचा भाता फुगे, दुसरा बसे आणि डबा डावीकडे कले. नाक वर, नाक खाली, दोन्ही बाजूंना कलणं आणि स्वतःभोवती पूर्ण गोल फिरणं, एवढं सगळं ते करायचं. हवा ओढायला विजेची मोटर. एप्रिल १९२९मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, १९३१मध्ये ते मिळालं.

विकत कोण घेणार? फ्लाइंग स्कूलवाल्यांना रस नव्हता. जमिनीवर बसून उडायला कुणी शिकतं का, हा त्यांचा प्रश्न. पोहायला कोरड्या काठावर शिकवतोस का, असंच काहीसं. घेतलं ते करमणुकीच्या बागांनी. जत्रेतला पाळणा जसा, तसं लिंकचं विमान.

एडनं स्वतःची छोटी फ्लाइंग स्कूल काढली आणि तिथे हा डबा वापरला. पोटापाण्यासाठी तो आणखी एक उद्योग करायचा. विमानाच्या पंखाखाली दिव्यांची जाहिरात लावून रात्री गावावरून उडायचं. अंधारात आणि खराब हवेत उडावं लागत असल्यामुळे त्याला स्वतःला यंत्रांवर उडण्याची सवय झाली. मग त्यानं डब्यात यंत्रं बसवली आणि वर झाकण घातलं. जत्रेतला पाळणा आता शाळेचा वर्ग झाला. पण वर्गात विद्यार्थी येईनात.

टपाल आणि मृत्यू

विद्यार्थी आले ते १९३४मध्ये, आणि त्याची किंमत फार मोठी होती.

अमेरिकेत विमानानं टपाल नेण्याचं काम खासगी कंपन्या करत. ही कंत्राटं देताना संगनमत झालं असा संशय आला आणि ९ फेब्रुवारी १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ती रद्द केली. टपाल नेणार कोण? सैन्याचं हवाई दल. तयारीला दिवस किती? दहा. १९ फेब्रुवारीपासून काम सुरू.

खासगी कंपन्यांच्या वैमानिकांना रात्रीचा आणि वाईट हवेचा सराव होता. सैन्यातल्या तरुण पोरांना नव्हता. त्यांचं प्रशिक्षण दिवसाचं आणि स्वच्छ आकाशातलं. बरीच विमानं उघड्या कॉकपिटची. कित्येकांत लागणारी यंत्रं नव्हती, आणि जिथे होती तिथे ती वाचायची सवय नव्हती. त्यात तो हिवाळा कडाक्याचा होता. काम सुरू होण्याआधीच, १६ फेब्रुवारीला, सरावाच्या उड्डाणांत तीन अधिकारी गेले. मग बर्फ, धुकं, अंधार, आणि एकामागून एक बातम्या. पहिल्या महायुद्धातला नामवंत वैमानिक एडी रिकनबॅकर यानं याला ‘कायदेशीर खून’ म्हटलं. मे-जूनमध्ये काम पुन्हा खासगी कंपन्यांकडे गेलं, तोवर डझनभर माणसं गेली होती.

हे सगळे पत्रं पोचवताना गेले, हे लक्षात ठेवा. युद्ध नव्हतं, समोर शत्रू नव्हता.

त्याच वर्षीचा एक प्रसंग विमानांच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. सैन्याचे अधिकारी हा डबा बघायला न्यूअर्कच्या विमानतळावर आले होते. हवा अगदीच खराब, धुकं उतरलेलं. अशात कोण उडणार, लिंक काही येत नाही, असं म्हणून ते निघायच्या बेतात होते. तेवढ्यात धुक्यातून विमानाचा आवाज आला आणि एड लिंक धावपट्टीवर उतरला. यंत्रांवर उडत आला होता. त्याला वेगळं काही सिद्ध करायची गरज उरली नाही. सैन्यानं सहा डबे मागवले, प्रत्येकी सुमारे साडेतीन हजार डॉलरला.

डब्याच्या आत

विद्यार्थी आत बसला की वरून झाकण बंद व्हायचं. अंधारात फक्त चमकणाऱ्या डायल. कानात हेडफोन. बाहेर टेबलावर शिकवणारा आणि त्याच्यासमोर नकाशा.

त्या काळी विमानाला रस्ता दाखवायला जमिनीवरून रेडिओचे सूर येत. मार्गाच्या एका बाजूला गेलात तर मोर्स कोडमधलं ‘ए’ ऐकू येई, आखूड-लांब, आखूड-लांब. दुसऱ्या बाजूला गेलात तर ‘एन’, लांब-आखूड, लांब-आखूड. बरोबर मधे आलात की दोन्ही मिसळून एकच सलग सूर. वैमानिक अक्षरशः कानानं रस्ता शोधत. शिकवणारा हेच सूर डब्यातल्या विद्यार्थ्याच्या हेडफोनमध्ये पाठवायचा.

आणि टेबलावर एक तीन चाकी छोटं यंत्र फिरायचं. त्याला म्हणत ‘क्रॅब’, खेकडा. आतला विद्यार्थी जसं ‘उडेल’ तशी नकाशावर शाईची रेघ उमटायची. धडा संपला, झाकण उघडलं, घामाघूम विद्यार्थी बाहेर आला की त्याला ती रेघ दिसायची. त्याला वाटत होतं आपण सरळ चाललोय, आणि नकाशावर शाईनं वेटोळं काढून ठेवलेलं. आता वाद कुणाशी घालणार?

लिंकच्या डब्याचं खरं मोल मला या रेघेत दिसतं. ‘तुझं शरीर खोटं बोलतं’ हे वाक्य ऐकून कुणालाच पटत नाही. ते स्वतःच्या अंगावर घडावं लागतं, आणि घडल्यावर माणूस जिवंतही राहावा लागतो. खऱ्या ढगात हे दोन्ही एकत्र होण्याची खात्री नव्हती. डब्यात होती. जास्तीत जास्त काय, तर उंचीचा काटा शून्यावर यायचा, शिकवणारा म्हणायचा, तू आत्ता मेलास, चल, पुन्हा सुरुवात कर.

दुसऱ्या महायुद्धात हे डबे दहा हजारांहून जास्त बनले आणि पाच लाखांच्या आसपास लोक त्यांत शिकले. अमेरिकन नौदलात शिकवणाऱ्यांमध्ये तरुण स्त्रियाही होत्या. अशा कितीतरी वैमानिकांना धुक्यातून उतरायला शिकवणारी बाई स्वतः वैमानिक नसायची. आणि इतिहासाची तिरकी चाल बघा, १९३५मध्ये हे डबे विकत घेणाऱ्यांत जपानचं नौदलही होतं.

एकशे अठ्ठ्याहत्तर सेकंद

तुम्ही म्हणाल, हे जुन्या विमानांचं झालं. तर १९५४ची एक चाचणी ऐका. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठानं असे वीस वैमानिक घेतले, ज्यांना यंत्रांवर उडण्याचा अनुभव नव्हता. सोबत शिकवणारा बसवून, खऱ्या विमानात, बाहेरचं दिसणं बंद केलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. कुणाचा वीस सेकंदांत, कुणाचा आठ मिनिटांत. सरासरी १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. तुमच्या तीन-चार रील होतात तेवढा वेळ.

चांगली बातमी ही, की ढगातून वळून परत फिरण्याची एक साधी, ठरावीक पद्धत शिकवल्यावर हेच लोक सुखरूप बाहेर येऊ लागले. म्हणजे प्रश्न हुशारीचा नव्हता, सरावाचा होता.

वांद्र्याचा समुद्र

आता आपल्या घराजवळची गोष्ट, आणि ती सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

१ जानेवारी १९७८. नव्या वर्षाची पहिली रात्र. एअर इंडियाचं बोइंग ७४७, नाव ‘सम्राट अशोक’, सांताक्रूझ विमानतळावरून दुबईला निघालं. विमानात २१३ माणसं. हवेत काही बिघाड नाही, पण खाली काळा समुद्र आणि वर काळं आकाश. मधली रेघ कुठे आहे ते डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं.

विमान उजवीकडे वळलं आणि मग सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज अडकलं होतं. ते सांगत राहिलं की विमान अजून उजवीकडे कललेलं आहे. कॅप्टननं ते दुरुस्त करायला डावीकडे वळवलं. आणखी डावीकडे. सरळ असलेलं विमान आडवं झालं, त्याहूनही पुढे गेलं आणि नाक खाली करून वांद्र्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात शिरलं. टेक-ऑफपासून जेमतेम दोन मिनिटं. कुणीही वाचलं नाही.

सुरुवातीला घातपाताचा संशय होता. चौकशीत मात्र बिघडलेलं यंत्र आणि त्यानंतर झालेला दिशाभ्रम हे कारण पुढे आलं. विमानात दुसरी क्षितिजंही होती, सहवैमानिकासमोर एक आणि मधे राखीव एक. पण तेवढ्या सेकंदांत खरं कोण आणि खोटं कोण हे ठरलं नाही.

आपल्या गोष्टीतला दुसरा अर्धा भाग इथे येतो. ऑकर म्हणाला होता, शरीराचं ऐकू नका, यंत्राचं ऐका. पण यंत्रच खोटं बोललं तर? म्हणून आज वैमानिकाला कुठल्याही एका यंत्रावर डोळे खिळवायला शिकवत नाहीत. नजर फिरती ठेवायची. क्षितिज म्हणतंय आपण कललोय, तर दिशा बदलतेय का? वळणाचा काटा काय म्हणतो? शेजारचं क्षितिज? एकाची साक्ष बाकीच्यांशी जुळत नसेल तर तो साक्षीदार बाजूला काढायचा. आणि हे शिकवायला सिम्युलेटरसारखी जागा नाही. शिकवणारा एक बटण दाबून, काहीही न सांगता, एक डायल गोठवू शकतो, आणि विद्यार्थ्याला ते कधी लक्षात येतं हे शांतपणे बघू शकतो. खऱ्या विमानात रात्री समुद्रावर असा सराव कुणी करणार नाही.

तुमच्या हातातला फोन

आज मोठ्या विमानांचे सिम्युलेटर सहा पायांवर उभे असतात, पायांत हायड्रॉलिक किंवा विजेचे दट्टे. भाते गेले, पण कल्पना एड लिंकचीच. आणि यात एक मजेशीर गोष्ट आहे. सिम्युलेटर तर एका खोलीत उभा, तो पुढे धावू शकत नाही. मग टेक-ऑफच्या वेळी पाठ सीटला चिकटते ती कशी? डबा हळूच मागे कलतो, पडद्यावर मात्र धावपट्टी सरळच दिसते. कानाला कलणं आणि वेग घेणं यांतला फरक कळत नाही. ज्या कमतरतेनं वैमानिक मेले, तिचाच वापर करून त्यांना वाचायला शिकवलं जातं.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, मी घरी कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर खेळतो, मग मला येतं का हे? अर्धं येतं. डायल वाचणं, नजर फिरवणं, उतरण्याच्या पायऱ्या लक्षात ठेवणं, हे सगळं घरी खरंच शिकता येतं, आणि शिकणारी पोरं त्याचा उपयोग करतातही. पण तुमची खुर्ची हलत नाही. तुमचा कान शांत असतो, त्याला खोटं बोलायची वेळच येत नाही. त्यामुळे त्याच्यावर अविश्वास ठेवायचा सराव होत नाही. म्हणूनच प्रशिक्षणाच्या तासांमध्ये घरचा गेम धरत नाहीत, मान्यता मिळालेली यंत्रंच धरतात, आणि तीही एका मर्यादेपर्यंत. बारामतीत किंवा गोंदियात वैमानिक व्हायला शिकणाऱ्या मुलामुलींनाही शेवटी काही तास खऱ्या आकाशात, बाहेरचं न बघता, काढावेच लागतात.

तर पुढच्या वेळी पावसाळ्यात मुंबईत किंवा गोव्यात उतरताना खिडकीबाहेर नुसतं पांढरं दिसलं, पाच मिनिटं काहीच दिसलं नाही आणि मग अचानक अगदी खाली धावपट्टीचे दिवे दिसले, तर घाबरू नका. पुढे बसलेल्या दोघांनी हा प्रसंग जमिनीवरच्या डब्यात कितीतरी वेळा काढलेला आहे. तिथे ते चुकलेही असतील. चुकायची जागा तीच होती.

एपिसोड आवडला असेल तर विमानाला घाबरणाऱ्या एखाद्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर, ऐकत राहा, वाचत राहा!